जुन्या प्रोग्रॅमवर नवी लायब्ररी चालत नाही, तेव्हा नेमकं काय बघायचं

कोल्हापूरकडं शिरोली एमआयडीसीत, गोकुळ शिरगावात किंवा शिवाजी उद्यमनगरात बिलं काढणारे असे कॉम्प्युटर अजूनही सापडतात: विंडोज ७, त्यावर व्हिज्युअल बेसिक ६ किंवा फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आणि शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पतसंस्थेत आणि गावच्या दूध संस्थेतही तेच. हे प्रोग्रॅम टाकाऊ नाहीत. कुठल्या गिऱ्हाइकाला पॅटर्नचा खर्च वेगळा लावायचा, रिजेक्शनचा माल परत आला की क्रेडिट नोट कशी धरायची, दूधबिलातून खाद्याची उचल कशी वळती करायची, असे धंद्याचे सगळे बारकावे त्यांच्या पोटात साठलेले आहेत. ते कुठंही कागदावर लिहिलेले नसतात. म्हणून ‘सगळं नव्यानं लिहून टाकू’ हा सल्ला देणं सोपं आणि निभावणं फार अवघड.

अडचण बाहेरून येते. ज्यांची उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षात ५ कोटींच्या वर गेली आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. म्हणजे बिलाची माहिती जेसन या साच्यात बसवायची, सुरक्षित कनेक्शनवरून सरकारी पोर्टलकडे पाठवायची, तिकडून आलेला ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) साठवायचा आणि सही केलेला क्यूआर कोड बिलावर छापायचा. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. जेसन, टीएलएस १.२ (सुरक्षित कनेक्शनची पद्धत), क्यूआर यातलं काहीच त्याच्या पेटीत नाही. मग ऑफिसातला एखादा बीसीए झालेला मुलगा तयार लायब्ररी शोधून आणतो. त्याच्या लॅपटॉपवर ती मस्त चालते. ऑफिसच्या मशीनवर टाकली की एरर. मालक विचारतात, “काय झालं रं? घरात तर चाललं म्हणालास की.” आणि त्या मुलाकडं उत्तर नसतं, कारण स्क्रीनवरचा मजकूर खऱ्या कारणाबद्दल फारसं सांगतच नाही.

ते कारण कसं शोधायचं, ते इथं सांगतो. माझं मत आधीच मांडतो: नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमच्या आत घुसवायचा हट्ट बहुतेक वेळा चुकीचा असतो. आधी नकार नेमका कुठून येतोय ते ओळखायचं आणि मग दोघांना वेगवेगळं ठेवून त्यांच्यात निरोपाची सोय करायची.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेला कोड. आपण तो बोलावतो आणि वापरतो. पण ती हवेत उभी नसते. सगळ्यात खाली प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम. त्यावर भाषेचा रनटाइम, म्हणजे पायथन, जावा किंवा डॉट नेट. त्यावर ही लायब्ररी आणि तिनं स्वतःसाठी मागवलेल्या बाकीच्या लायब्रऱ्या. आणि या सगळ्याच्या बाहेर सर्व्हर, सर्टिफिकेटं, डेटाच्या फाइली. या चारपैकी कुठल्याही मजल्यावर वर्षांचा मेळ बसला नाही, की काम अडतं.

उद्यमनगरात ज्यानं हातानं काम केलंय, त्याला हे लगेच समजेल. अर्धा इंची व्हिटवर्थ नटात अर्धा इंची यूएनसी बोल्ट घालून बघा. व्यास सारखाच, पण एकाला इंचात १२ आटे, दुसऱ्याला १३. दोन-तीन फेरे बोल्ट सुखात जातो, मग धरतो, आणि जोर लावला की दोन्हीचे आटे जातात. लायब्ररी इन्स्टॉल झाली, नाव सापडलं, पहिलं फंक्शनही चाललं, म्हणजे ती बसली असं होत नाही.

एरर कुणाच्या फाइलमधली आहे?

काहीही बदलायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: विंडोजची आवृत्ती, ती ३२ बिट आहे की ६४, रनटाइमची पूर्ण आवृत्ती आणि तो रनटाइम ३२ बिट की ६४. ‘पायथन ३ आहे’ एवढ्यानं भागत नाही. ३.६ आणि ३.१२ यांच्यात बरंच काही बदललं आहे. मग एरर पूर्ण कॉपी करून ठेवा. फोनवर काढलेल्या फोटोत निम्मी एरर स्क्रीनच्या वर गेलेली असते. पायथनची एरर खालून वर वाचायची. जावात शेवटचं ‘कॉज्ड बाय’ शोधायचं, कारण मूळ कारण तिथं असतं.

आता त्यात फाइलचं नाव बघा. एरर तुम्ही लिहिलेल्या फाइलमध्ये असेल तर चूक बहुधा तुमचीच. पण ‘साइट-पॅकेजेस’ (बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या जिथं बसतात त्या) फोल्डरमधल्या फाइलमध्ये सिंटॅक्स एरर दिसत असेल, तर लायब्ररी लिहिणाऱ्याला भाषा येत नाही असं समजू नका. त्यानं तुमच्या पायथनपेक्षा नव्या पायथनची भाषा वापरली आहे. एफ-स्ट्रिंग (मजकुरातच व्हेरिएबल घालायची सोय) ३.६ मध्ये आल्या, ३.५ ला त्या कळत नाहीत. ‘लिस्ट’ला चौकोनी कंस लावून आतला प्रकार सांगायची सोय ३.९ ची. जुन्या पायथनवर तिथं ‘टाइप ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल’ असं न कळणारं वाक्य येतं. दोन प्रकारांच्या मध्ये उभी रेघ घालायची सोय ३.१० ची. या तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी अशी एरर पटकन ओळखू येते.

जावात हे जास्त सरळ आहे. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्शन’ अशी एरर येते आणि सोबत दोन आकडे असतात, समजा ६१ आणि ५२. दोन्हीतून ४४ वजा करा. लायब्ररी जावा १७ साठी बांधली आहे आणि तुमच्याकडं जावा ८ आहे. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कच्या आवृत्ती ३ ला जावा १७ लागतंच. जावा ८ वरच राहायचं असेल तर स्प्रिंग बूट २.७ पर्यंतच जाता येतं. इथं सेटिंग शोधत बसू नका.

तळमजल्यावरचा नकार वेगळा दिसतो. पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका, ३.९ पासून विंडोज ८.१ तरी लागतं. कुणी नवा पायथन किंवा नव्या पायथनमधून बनवलेली ईएक्सई फाइल पेन ड्राइव्हवरून तशीच विंडोज ७ वर आणली, तर ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ या नावानं सुरू होणारी एक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड ठेवलेली फाइल) सापडत नाही असं विंडोज सांगतं. ते वाचून माणसं ती डीएलएल नेटवर शोधतात आणि कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवून सिस्टीम फोल्डरमध्ये टाकतात. हे कृपा करून करू नका. ज्या कॉम्प्युटरवर कारखान्याची सगळी बिलं आहेत, त्यात कुणाची हे ठाऊक नसलेली डीएलएल घालण्यात मोठा धोका आहे. मुळात ‘फाइल हरवली’ असा अर्थच नाही. विंडोज ८ च्या काळात आलेली सोय विंडोज ७ मध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती ईएक्सई ३.८ वर पुन्हा बनवली की प्रश्न मिटतो.

३२ आणि ६४ बिटचा घोळ याच मजल्यावरचा. व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रोग्रॅम कायम ३२ बिट असतो, मशीन कितीही नवं असो. ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिट डीएलएल उचलू शकत नाही आणि उलटंही नाही. फॉक्सप्रोचा डेटा दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचू देणारा ओएलई-डीबी ड्रायव्हर फक्त ३२ बिट आहे, त्यामुळं ६४ बिट पायथनला तो दिसतच नाही आणि ‘ड्रायव्हर रजिस्टर नाही’ अशी एरर येते. तो दहा वेळा इन्स्टॉल करून काही फरक पडत नाही. त्यात विंडोजची नावं उलटी वाटावीत अशी आहेत: ६४ बिट विंडोजवर ‘सिस्टीम३२’ फोल्डरमध्ये ६४ बिट फाइली असतात आणि ‘सिसवाव६४’ मध्ये ३२ बिट. ओडीबीसीची (डेटाबेसला जोडायच्या सोयीची) सेटिंग करायची खिडकी दोन्ही ठिकाणी एकाच नावाची आहे. जुन्या प्रोग्रॅमसाठी डीएसएन (त्या जोडणीची नोंद) बनवायचा असेल तर ‘सिसवाव६४’ मधली उघडायची. नुसता फॉक्सप्रोचा डेटा वाचायचा असेल, तर ड्रायव्हरच्या वाटेला न जाता ‘डीबीएफरीड’ ही लायब्ररी घ्या. ती शुद्ध पायथनमध्ये आहे आणि फाइल थेट वाचते, त्यामुळं बिटांचा प्रश्नच येत नाही.

कुणी हात लावला नाही, तरी बंद पडलं

ही तक्रार खरी असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ नावाच्या एका छोट्या लायब्ररीची २.१.० आवृत्ती आली आणि तिच्यातून ‘सॉफ्ट युनिकोड’ हे जुनं फंक्शन काढून टाकलं गेलं. जिंजा ही टेम्पलेटची लायब्ररी मार्कअपसेफवर उभी आहे आणि तिच्या जुन्या आवृत्त्यांनी ‘मार्कअपसेफ अमुकपेक्षा नवी असावी’ एवढंच सांगितलं होतं, वरची मर्यादा घातली नव्हती. ज्यांनी जिंजाची आवृत्ती पक्की बांधून ठेवली होती, त्यांचंही नव्या मशीनवर इन्स्टॉल करताना काम अडलं, कारण जिंजा जुनीच आली पण मार्कअपसेफ नवी आली. इलाज एका ओळीचा होता, मार्कअपसेफ २.०.१ वर बांधून ठेवणं. पण त्यासाठी आधी हे कळायला हवं, की एररमध्ये आलेलं नाव आपण कधीही मागवलेलं नव्हतं.

म्हणून चालू असलेल्या मशीनवर, पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या पिप या साधनानं ‘पिप फ्रीझ’ करून सगळ्या लायब्रऱ्यांच्या अचूक आवृत्त्यांची यादी काढा आणि मशीनबाहेर ठेवा. ही यादी प्रोग्रॅम चालू असतानाच काढता येते.

पिपबद्दल आणखी थोडं. लायब्ररीला कमीत कमी कुठला पायथन लागतो, ही खूण पिप ९ पासून पाळतो. त्याआधीचा पिप डोळे झाकून सगळ्यात नवी आवृत्ती आणतो आणि मग ती फुटते. जुन्या मशीनवर म्हणूनच आधी पिप त्या पायथनला चालेल तेवढा नवा करायचा. पायथन २.७ साठी तो २०.३.४ आहे. दुसरं म्हणजे ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४ हवं’ असा निरोप. तो वाचून माणसं काही जीबींचं बिल्ड टूल उतरवतात, विंडोज ७ वर ते नीट बसत नाही आणि दिवस जातो. निरोपाचा खरा अर्थ असा, की तुमच्या पायथनसाठी आणि बिटसाठी या आवृत्तीचं तयार पॅकेज उपलब्ध नाही, म्हणून पिप ती इथं बसून बांधायला बघतोय. पिपला ‘ओन्ली बायनरी’ सांगा. मग तो बांधायच्या फंदात न पडता तयार पॅकेज असलेल्या आवृत्तीपर्यंत मागं जातो.

सी किंवा सी++ मध्ये बांधलेल्या लायब्रऱ्यांना जास्त जपायचं. जून २०२४ मध्ये आकडेमोडीच्या नमपाय या लायब्ररीची २.० आवृत्ती आली आणि १.x धरून बांधलेली मॉड्यूल्स तिच्यासोबत चालेनाशी झाली. पायथनचा कोड तोच, फंक्शनंही जवळपास तीच, पण आतली मांडणी बदलली. आट्यांचा फरक म्हणतात तो हा.

ब्राउझरमध्ये उघडतं, प्रोग्रॅममधून नाही

ई-इनव्हॉइसच्या निमित्तानं सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रोग्रॅम म्हणतो ‘कनेक्शन वॉज क्लोज्ड’ किंवा ‘सिक्युअर चॅनल’मध्ये काहीतरी झालं. ऑफिसात पहिला राग नेटवाल्यावर निघतो. नेटवाला येतो, क्रोममध्ये पोर्टल उघडून दाखवतो आणि जातो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. क्रोम आणि फायरफॉक्स सुरक्षित कनेक्शनसाठी स्वतःचं सामान घेऊन येतात. व्हिज्युअल बेसिकचा प्रोग्रॅम मात्र विंडोजचं सामान वापरतो, पायथन आपल्यासोबतचं ओपनएसएसएल वापरतो आणि जावा स्वतःचं. त्यामुळं ‘ब्राउझरमध्ये उघडतंय’ यावरून फक्त तार जोडलेली आहे एवढंच सिद्ध होतं.

पहिली गोष्ट, घड्याळ बघा. मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि मग कुठलंच सर्टिफिकेट वैध ठरत नाही. इलाज म्हणजे एक बटण सेल.

घड्याळ बरोबर असेल तर टीएलएसची आवृत्ती. टीएलएस १.० आणि १.१ या दोन्ही पद्धती मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या आणि सर्व्हर आता १.२ किंवा १.३ मागतात. विंडोज ७ ला १.२ येतं, पण ते आपणहून सुरू नसतं. विनएचटीटीपी (विंडोजची इंटरनेटशी बोलायची सोय) वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी केबी३१४०२४५ हे अपडेट आणि त्यासोबतची रजिस्ट्रीतली नोंद, दोन्ही लागतं. नुसतं अपडेट टाकून पुढं काही झालं नाही असं म्हणणाऱ्यांची नोंद राहिलेली असते. डॉट नेट ४.५ मध्येही १.२ आहे, पण प्रोग्रॅमनं ते मागावं लागतं. ‘सिक्युरिटी प्रोटोकॉल’ला ३०७२ हा आकडा दिला की ते सुरू होतं. आकडाच सांगतो, कारण डॉट नेट ४.० साठी लिहिलेल्या कोडला ‘टीएलएस १२’ हे नाव माहीत नसतं, पण मशीनवर ४.५ किंवा पुढचं बसवलेलं असेल तर हा आकडा चालतो. आणि एकाच ऑफिसातल्या दोन मशीनवर तोच प्रोग्रॅम वेगळा वागत असेल, तर त्यात ‘एक्सएमएलएचटीटीपी’ आहे की ‘सर्व्हरएक्सएमएलएचटीटीपी’ ते बघा. पहिलं इंटरनेट एक्सप्लोररच्या सेटिंगप्रमाणं चालतं, दुसरं विनएचटीटीपीच्या.

तिसरी शक्यता मूळ सर्टिफिकेटांची, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं खरी मानली जातात त्यांची. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि त्या दिवशी जगभर जुन्या ओपनएसएसएल १.०.२ वर चालणारे प्रोग्रॅम अडकले. सर्व्हर ठीक होते, कोड ठीक होता, विश्वासाची यादी तेवढी जुनी होती. अशा वेळी मूळ सर्टिफिकेटांची यादी नवी करायची.

इथं एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. नेटवर शोधलं की पहिलं उत्तर हमखास ‘व्हेरिफाय बंद करा’ असं मिळतं आणि ते केलं की एरर जातेही. पण त्या क्षणापासून समोर खरं पोर्टल आहे की दुसरंच कुणी, हे प्रोग्रॅम बघत नाही. त्याच वाटेनं तुमचा जीएसटी नंबर, पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची बिलं जात असतात. तपासणीसाठी पाच मिनिटंसुद्धा ते बंद करू नका, कारण चाललं की ते तसंच राहून जातं.

मराठी मजकूर

पतसंस्थेत आणि दूध संस्थेत ही अडचण वेगळ्या रूपात येते, आणि तिच्याबद्दल इंग्रजीत वाचायला फारसं मिळत नाही.

सभासदांची नावं जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठीत दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी ती खरं तर मराठीत साठवलेली नसतात. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. डेटामध्ये रोमन खुणाच असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. नव्या लायब्ररीनं तोच डेटा एसएमएससाठी किंवा पीडीएफसाठी उचलला की फाँटचा पडदा निघतो आणि खालच्या खुणा जशाच्या तशा बाहेर येतात. लायब्ररी बिघडलेली नाही. तिला जे मिळालं ते तिनं दाखवलं.

रूपांतर करावं लागतं, आणि ते फाँटनुसार वेगळं असतं. नुसतं ‘या खुणेच्या जागी हे अक्षर’ असं बदलून भागत नाही, कारण क्रमही वेगळा आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवली जातात. ‘शिरोली’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग ‘श’. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी ‘श’, मग वेलांटी. रफाराचं उलट. ‘कर्ज’ या शब्दात जुना फाँट ‘ज’ नंतर रफार ठेवतो, युनिकोड ‘ज’ च्या आधी ‘र्’ ठेवतो. जोडाक्षरावर वेलांटी असेल तर ती पूर्ण जोडाक्षराच्या पुढं न्यावी लागते. रूपांतर तपासताना म्हणून ‘रमेश’ किंवा ‘कमल’ अशी साधी नावं घेऊन समाधान मानू नका. ‘शिर्के’, ‘कुलकर्णी’, ‘ज्योत्स्ना’, ‘विद्यार्थिनी’, ‘लक्ष्मी’, ‘दऱ्याचे वडगाव’ असे शब्द घाला. चूक असेल तर ती इथं दिसते.

डेटा युनिकोडमध्ये आला तरी दोन अडथळे उरतात. व्हिज्युअल बेसिक ६ आतून मजकूर युनिकोडमध्येच धरतं, पण त्याच्या नेहमीच्या टेक्स्ट बॉक्सना युनिकोड दाखवता येत नाही, तिथं प्रश्नचिन्हांची रांग दिसते. त्यामुळं युनिकोड मजकूर जुन्या स्क्रीनवर परत आणायचा प्रयत्न सोडा, तो थेट पीडीएफमध्ये जाऊ द्या. आणि पीडीएफची लायब्ररी निवडताना ती अक्षरं जुळवते की नुसती एकापुढं एक मांडते हे बघा. नुसती मांडणारी असेल तर वेलांटी ‘श’च्या पलीकडं जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. एफपीडीएफ२ मध्ये हार्फबझ ही लायब्ररी जोडून अक्षरजुळणी सुरू करता येते, मग पावती नीट दिसते.

जाता जाता: विंडोज ७ च्या नोटपॅडमधून फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली की तो सुरुवातीला न दिसणारी एक खूण टाकतो, आणि जेसन वाचणाऱ्या काही लायब्रऱ्या ‘पहिल्याच अक्षरावर चूक’ म्हणून थांबतात. फाइल डोळ्यांना अगदी बरोबर दिसत असताना ही एरर आली तर त्या खुणेचा संशय घ्या.

मग इलाज काय

कारण कळल्यावर दोनच वाटा उरतात. एक, मशीनच्या काळातली लायब्ररी घ्यायची. पायथन २.७ वर अडकला असाल तर नमपाय १.१६, पांडाज ०.२४, रिक्वेस्ट्स २.२७ इथपर्यंत जाता येतं. आतलंच काम असेल, म्हणजे स्वतःच्याच डेटाची बेरीज-वजाबाकी किंवा रिपोर्ट, तर ही वाट पुरते. पण बाहेरून आलेल्या फाइली उघडायच्या असतील किंवा इंटरनेटवर जायचं असेल, तर जुन्या लायब्ररीतली जाहीर झालेली भोकं तुमच्या मशीनवर उघडीच राहतात. पायथन २.७ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२० ला थांबली आणि विंडोज ७ ची त्याच महिन्यात.

दुसरी वाट मला जास्त पटते. ऑफिसात एक बऱ्यापैकी नवं मशीन घ्या आणि नवी लायब्ररी, नवा पायथन, सगळं त्यावर ठेवा. जुन्या मशीनवर दोन फोल्डर करा, आपल्या ऑफिसच्या रजिस्टरांसारखेच, जावक आणि आवक. जुना प्रोग्रॅम बिल तयार झालं की एक साधी मजकुराची फाइल जावकमध्ये टाकतो. व्हिज्युअल बेसिकला आणि फॉक्सप्रोला एवढं जन्मापासून येतं. नव्या मशीनवरचा छोटा प्रोग्रॅम ती उचलतो, जेसन बनवतो, पोर्टलकडे थेट किंवा जीएसपी, म्हणजे जीएसटीची सेवा देणाऱ्या अधिकृत कंपनीमार्फत पाठवतो आणि उत्तर आवकमध्ये ठेवतो. जुन्या मशीनचं इंटरनेट मग काढूनच टाकता येतं. टीएलएसची वरची सगळी कटकट त्याच्यापुरती संपते, आणि दुरुस्त्या बंद झालेलं विंडोज बाहेरच्या जगाला उघडं राहत नाही. दिवसाला दोन-तीनच बिलं असतील तर एवढंही नको, पोर्टलवर बसून किंवा एनआयसी या सरकारी संस्थेच्या एक्सेलवाल्या साधनानं काम होतं.

यातले बारकावे मात्र सांभाळावे लागतात. फाइल आधी दुसऱ्या नावानं पूर्ण लिहायची आणि मग नाव बदलायचं, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल उचलली जाते आणि बिलातल्या शेवटच्या ओळी गळतात. बिल नंबरात ‘२४-२५/०१५७’ अशी तिरपी रेघ असते, ती फाइलच्या नावात चालत नाही. तिथं आडवी रेघ वापरा, पण आतल्या मजकुरात नंबर मूळचाच ठेवा. पोर्टलनं नाकारलं तर त्याचं कारण शब्दांत आवकमध्ये आलं पाहिजे, म्हणजे बिल करणाऱ्या ताईंना नव्या मशीनकडं धावत जावं लागत नाही.

आणि लाइट. बिल पाठवलं, पोर्टलनं आयआरएन दिला आणि उत्तर लिहायच्या आत लाइट गेली, असं होणारच. पुन्हा पाठवलं की पोर्टल २१५० क्रमांकाची एरर देतं, ‘डुप्लिकेट आयआरएन’. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरूनच आयआरएन बनतो, त्यामुळं तेच बिल पुन्हा गेलं की ते ओळखलं जातं. ही एरर आली की प्रोग्रॅमनं ‘फेल’ म्हणून थांबू नये. आधीचा आयआरएन मागवून तो आवकमध्ये ठेवावा. एनआयसीचं चाचणीसाठीचं वेगळं पोर्टल आहे. तिथं पाठवताना मुद्दाम प्लग काढून हे करून बघा.

क्यूआर कोडमध्ये सही धरून बराच मजकूर असतो, ठिपके बारीक येतात. डॉट मॅट्रिक्सवर तो अनेकदा वाचला जात नाही, तेवढी एक प्रत लेझरवर काढा.

सुरुवात करण्याआधी जुन्या मशीनच्या डिस्कची पूर्ण इमेज घ्या, आणि मार्च अखेरीच्या आसपास यातलं काहीही सुरू करू नका. पायथनची जुनी पॅकेजं अजून मिळतात, पण मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२० मध्ये एसएचए-१ या जुन्या पद्धतीनं सही केलेली डाउनलोड काढून टाकली, त्यात विंडोज ७ च्या काळातलं बरंच सामान गेलं. लागणारी इन्स्टॉलरं आणि ‘पिप डाउनलोड’नं नव्या लॅपटॉपवर उतरवलेली ३.८ ची ३२ बिट पॅकेजं एका डिस्कवर एकत्र करा आणि ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला पाणी कुठवर आलं होतं, ते सगळ्यांनी बघितलंय. खालच्या कप्प्यात ठेवलेल्या सीडी पुन्हा मिळत नाहीत.

फॉक्सप्रोच्या एका टेबलाला २ जीबीची मर्यादा आहे. तुमची बिलांची फाइल आज किती मोठी आहे ते बघा. दीड जीबीच्या पुढं गेली असेल, तर जुनी वर्षं वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवायचं काम याच नव्या मशीनवर, डीबीएफरीड वापरून, आताच सुरू करा.